डिझेलचा एक घोट

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी मांडवगण फराटा आणि भीमेपलीकडच्या दौंड तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात ट्रक कामाला काढले जातात. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या गाडीचे इंजिन ऑइल खायला लागते, चढाला दम टाकते. नवी गाडी परवडत नाही. मग भंगारातून चांगल्या अवस्थेतले दुसरे इंजिन आणून बसवायचे आणि जमले तर त्याची ताकदही थोडी वाढवून घ्यायची, असा हिशेब होतो. पैशाच्या दृष्टीने तो अनेकदा बरोबरच असतो.

चार-पाचशे किलोचे इंजिन चेनब्लॉकला टांगून बाहेर काढताना मिस्त्री सावध असतो, कारण ते पडले तर काय होईल हे समोर दिसते. घात होतो तो क्षुल्लक वाटणाऱ्या कामांत.

पहिले काम टाकीतले डिझेल काढण्याचे. नळीचे एक टोक टाकीत, दुसरे तोंडात, आणि जोराने ओढायचे. हे काम बहुधा हाताखालच्या पोराकडे येते. एखाद्या वेळी डिझेल अंदाजापेक्षा लवकर येते, ठसका लागतो, पोर थुंकते, चूळ भरते, आजूबाजूचे हसतात. पोटात गेलेल्या थोड्या डिझेलने सहसा मोठे नुकसान होत नाही. ठसक्याबरोबर श्वासनळीत गेलेले मात्र घातक ठरते. डिझेल पातळ असते आणि ओल्या पृष्ठभागावर झपाट्याने पसरते, त्यामुळे चमचाभरही फुफ्फुसात खोलवर पोचते. फुफ्फुसातले वायुकोश उघडे ठेवणारा जो नैसर्गिक थर असतो, तो त्याने बिघडतो आणि तिथे दाह सुरू होतो. काही तासांत खोकला वाढतो, ताप येतो, छातीत दुखते, धाप लागते. हा जंतूंचा न्यूमोनिया नव्हे, रसायनाने झालेला दाह आहे. म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने तो आटोक्यात येत नाही. मुख्य उपचार प्राणवायूचा आणि लक्ष ठेवण्याचा.

अशा वेळी घरातली माणसे प्रेमापोटी एक चूक हमखास करतात. मीठपाणी पाजून उलटी करवतात. पोटात गेलेले डिझेल उलटीबरोबर वर येते आणि पुन्हा श्वासनळीत जायला त्याला दुसरी संधी मिळते. उलटी करवायची नाही. तोंड धुवायचे, डिझेलने भिजलेले कपडे काढायचे आणि खोकला थांबत नसेल तर तडक दवाखाना गाठायचा. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. डाग नंतरही उमटतात. त्रास नसला तरी निदान सहा तास माणूस नजरेखाली हवा. खरे तर नळी तोंडात घालण्याची गरजच नसते. टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग उघडता येतो, किंवा दाबायच्या फुग्याचा हातपंप वापरता येतो.

दुसरा प्रसंग इंजिन बसवून झाल्यावरचा. पाइपांतली हवा काढताना किंवा नोझलचा फवारा तपासताना बोट आडवे जाते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनातही नोझल साधारण 200 बार दाबाला उघडते. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते सात-आठ बार, आणि कातडी फोडायला तेवढाही दाब पुरतो. डिझेल सुईसारखे आत शिरते. बाहेर दिसतो एक ठिपका. रक्त नाही, फारसे दुखतही नाही. आत मात्र ते स्नायूबंधांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरलेले असू शकते. रात्री बोट सुजते, ठणकते, पांढरे पडते. अशा जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पट्टी पुरत नाही. शल्यचिकित्सकाने बोट उघडून डिझेल धुऊन काढावे लागते, तेही पहिल्या काही तासांत. उशीर झाला तर बोट काढून टाकण्याची वेळ येते. दवाखान्यात ‘टोचले’ एवढेच सांगितले तर डॉक्टरही फसू शकतो. ‘नोझलचे डिझेल दाबाने आत गेले’ असे सांगावे.

जुन्या गाडीच्या गॅस्केटमध्ये आणि क्लचप्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. हवेचा पाइप मारून ती धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतात. तोवर गॅरेजही आठवत नाही.

आता ताकदीविषयी. ‘पंप वाढवणे’ म्हणजे पंपाचे सील तोडून, स्क्रू फिरवून प्रत्येक फेरीला जास्त डिझेल सोडणे. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा मात्र तेवढीच राहते. जास्तीचे डिझेल पुरते जळत नाही आणि काजळी होऊन बाहेर पडते. चढावर काळा लोट सोडणारी गाडी दमदार वाटते. प्रत्यक्षात मालकाचे डिझेल हवेत चाललेले असते. या काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते नाकात अडत नाहीत, थेट वायुकोशात उतरतात. त्यांनी दमा उसळतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 12,315 खाण कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जास्त धूर घेतलेल्यांना फुफ्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. तंबाखू त्याच गटात आहे. म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ होत नाही. पुरावा तितकाच पक्का आहे, एवढाच अर्थ. बिडी ओढणाऱ्या मिस्त्रीच्या वाट्याला दोन्ही येतात.

हा धूर सर्वांत आधी घेतो गाडीमागे उभे राहून ‘अजून रेस दे’ म्हणणारा. मग फडात ट्रक भरणारी तोडणी कामगार कुटुंबे, त्यांची लेकरे, आणि कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणारा चालक.

दुसरे इंजिन बसवले की त्याची आरटीओकडे नोंद करावी लागते. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 तसे सांगते. धुराची मर्यादा जुन्या डिझेल गाड्यांना 65 हार्ट्रिज युनिट, तर भारत स्टेज 4 च्या गाड्यांना 50 आहे. पीयूसीला जाताना स्क्रू मागे घ्यायचा आणि परत येऊन पुढे करायचा, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. यंत्र त्याने फसते. स्क्रू पुन्हा पुढे करून रेस देणारा मिस्त्री सायलेन्सरपासून दोन हातांवर उभा असतो.