शेतकऱ्यासाठी मोटारसायकल : प्रकार, वापर आणि योग्य निवड

शेतीकामात दुचाकीचे स्थान आता बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या बरोबरीचे झाले आहे. पहाटे दूध संकलन केंद्र, दिवसा कृषी सेवा केंद्र, रात्रीच्या विजेवर पाणी देण्यासाठी विहीर आणि आठवड्याचा बाजार, अशा सर्व फेऱ्या बहुतेक घरी एकाच गाडीवर होतात. बियाणे घेताना जमीन, पाणी आणि हंगाम पाहणारा शेतकरी गाडी घेताना मात्र बहुधा शेजाऱ्याची गाडी किंवा घरातील तरुणाचा आग्रह पाहतो. वाण चुकला तर एक हंगाम जातो. गाडी चुकली तर कर्जाचे हप्ते, पेट्रोलचा खर्च आणि पाठीचे दुखणे वर्षानुवर्षे सोसावे लागते; प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून गाडीची निवडही वाणाच्या निवडीइतकीच विचारपूर्वक करणे हिताचे ठरते.

थोडी पार्श्वभूमी

जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना ‘फटफटी’ म्हटले की राजदूत, येझदी किंवा बुलेट आठवते. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगची ५० सीसीची लूना बाजारात आली आणि कमी खर्चात इंजिनाची गाडी अनेकांच्या दारी उभी राहिली. राजदूत, येझदी आणि लूना या गाड्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. त्यात पेट्रोलबरोबर ऑईलही जळत असल्याने धूर आणि इंधनखर्च जास्त असे. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. कमी इंधनात जास्त अंतर जाणाऱ्या या गाड्यांनी ग्रामीण भागातील दुचाकीचे चित्रच पालटले. आता मात्र बाजारात इतके प्रकार आहेत की कोणती गाडी कोणासाठी, हे समजून घेणे आवश्यक झाले आहे.

निवडीपूर्वी चार प्रश्न

१) रस्ता कोणता? डांबरी, मुरमाड की काळ्या मातीची पाणंद?
२) ओझे किती? दुधाचे कॅन, खताच्या पिशव्या, चाऱ्याचे भारे की फक्त एक-दोन माणसे?
३) रोजचे अंतर किती?
४) गाडी कोण कोण चालवणार? वडील, मुलगा, सून, मुलगी, प्रत्येकाची उंची आणि ताकद वेगळी असते.

या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत आणि मगच दुकानात जावे.

दुचाकीचे प्रकार आणि त्यांचा उपयोग

मोपेड : वजनाने हलकी, मध्ये पाय ठेवायला आणि सामान ठेवायला मोकळी जागा, गिअर बदलण्याची कटकट नाही. टीव्हीएस एक्सएल १०० ही या प्रकारातील परिचित गाडी आहे. भाजीची क्रेट, पिशवी किंवा फवारणी पंप पायाजवळ, म्हणजे खालच्या बाजूला राहत असल्याने तोल चांगला राहतो. कमी वेग, कमी अंतर आणि वारंवार चढउतार असे काम असणाऱ्यास ही योग्य. महामार्गावर रोज लांब जाणाऱ्याने मात्र ती घेऊ नये.

स्कूटर : साडी नेसून बसण्यास व चालविण्यास सोयीची, क्लच-गिअरची गरज नाही, त्यामुळे घरातील अनेकांना चालवता येते. परंतु चाके लहान असल्याने ती चाकोरीत आणि खड्ड्यात लवकर अडकते. गाव ते तालुका डांबरी रस्ता असेल तर चांगली. रोज पाणंदीने शेतात जाणाऱ्यासाठी अपुरी.

१०० ते १२५ सीसीची साधी मोटारसायकल : सरळ बसण्याची पद्धत, १७ किंवा १८ इंची अरुंद चाके, सुमारे ११० ते १२५ किलो वजन आणि गावोगावी मिळणारे सुटे भाग ही हिची जमेची बाजू. शेती, बाजार आणि नातेवाईक अशी संमिश्र फिरस्ती असणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांची गरज हा प्रकार भागवतो.

१५० ते २०० सीसीची वेगवान गाडी : २००१ मध्ये आलेल्या पल्सरपासून तरुणांमध्ये हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला. रोज ५०-६० कि.मी. चांगल्या रस्त्याने जाणाऱ्यास जास्त शक्ती उपयोगी पडते. मात्र पुढे वाकून बसण्याच्या स्पोर्ट प्रकारात शरीराचा भार मनगटांवर येतो आणि रुंद, गुळगुळीत नक्षीचे टायर चिखलात घसरतात. मागील बैठक उंच व आखूड असल्याने ओझे नेणेही अवघड जाते.

क्रूझर : बैठक खाली, पाय पुढे आणि हँडल जवळ अशी हिची रचना असते. बजाजने २००५ मध्ये आणलेली ॲव्हेंजर या प्रकारातील. उंचीने कमी असणाऱ्यास पाय टेकवणे सोपे जाते आणि सपाट रस्त्यावर लांबचा प्रवास आरामात होतो. परंतु पाय पुढे असल्याने खड्ड्यात पायांवर भार घेऊन उठता येत नाही. धक्का थेट माकडहाडाला आणि कमरेला बसतो. कंबरदुखी असणाऱ्याने खराब रस्त्यासाठी ही गाडी टाळावी.

बुलेट व तत्सम जड गाड्या : बुलेट ३५० चे वजन सुमारे १९५ किलो आहे, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा ८० किलोंहून अधिक. मोकळ्या रस्त्यावर हे वजन स्थिरता देते. परंतु तीच गाडी ओल्या बांधाजवळ कलली तर एकट्याने उचलणे कठीण होते.

उंच, खडतर रस्त्याची गाडी : २०१६ ची हिमालयन आणि २०१९ ची एक्सपल्स २०० या गाड्या या वर्गात येतात. एक्सपल्सचे पोट जमिनीपासून २२० मि.मी. उंच आहे, तर स्प्लेंडरचे १६५ मि.मी. त्यामुळे दगड, ओघळ आणि नाले सहज पार होतात. डोंगरी वाटेने रोज जाणाऱ्यास ही उपयुक्त. परंतु बैठकही सुमारे ८२५ मि.मी. उंच असल्याने कमी उंचीच्या चालकाचे पाय नीट टेकत नाहीत.

विजेवरील दुचाकी : ठरावीक आणि जवळच्या फेऱ्यांसाठी इंधनखर्च फार कमी येतो. घरी रात्री खात्रीची वीज आणि जवळपास दुरुस्तीची सोय असेल तरच विचार करावा.

काळ्या मातीची विशेष बाब

पावसाळ्यात चिकण काळी माती टायर आणि पुढील मडगार्डच्या मध्ये साचते आणि चाक जाम होते. पुढील चाक अचानक अडकल्यास चालक हँडलवरून फेकला जातो. म्हणून अशा भागात टायर आणि मडगार्ड यांत जास्त अंतर असलेली, खोल नक्षीच्या अरुंद टायरची गाडी निवडावी. वाफसा येईपर्यंत जशी पेरणी करत नाही, तशीच पाणंद सुकेपर्यंत गाडी रस्त्याकडेला ठेवून पायी जावे. ओढा ओलांडल्यावर ड्रम ब्रेक ओले होऊन पकडत नाहीत. हळू चालत दोन-तीन वेळा ब्रेक हलके दाबून ते सुकवावेत.

ओझ्याचे गणित

प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत चालकासह कमाल भार दिलेला असतो. १०० सीसीच्या गाड्यांत तो साधारणपणे १३० ते १५० किलो असतो. आता हिशेब पाहा. युरियाची पिशवी ४५ किलोची. दोन पिशव्या ९० किलो आणि चालक ६५ किलो, म्हणजे १५५ किलो. ४० लिटर दूध सुमारे ४१ किलो भरते. दोन कॅनचे दूध ८२ किलो आणि चालक मिळून १४७ किलो, त्यात कॅनचे वजन निराळे. म्हणजे नेहमीची फेरीदेखील मर्यादेवर किंवा मर्यादेपलीकडे जाते. अशा ओझ्याने शॉकअप, टायर आणि ब्रेक लवकर निकामी होतात आणि गाडी थांबण्यास जास्त अंतर लागते. खताची एकच पिशवी न्यावी किंवा दोन फेऱ्या कराव्यात. ओझे शक्य तितके खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. मागील चाकाच्याही मागे लोंबणाऱ्या ओझ्याने पुढील चाक हलके होते आणि हँडलचा ताबा सुटतो.

इंधनाचा हिशेब

रोज ३० कि.मी. आणि वर्षातील ३०० दिवस धरल्यास ९,००० कि.मी. होतात. लिटरला ६० कि.मी. जाणाऱ्या गाडीस १५० लिटर, तर ३५ कि.मी. जाणाऱ्या गाडीस सुमारे २५७ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा दर १०५ रुपये धरल्यास वर्षाला सुमारे ११,२०० रुपयांचा फरक पडतो. हा फरक हप्त्याव्यतिरिक्त आहे, हे लक्षात घ्यावे.

बसून पाहावे, मगच घ्यावे

गाडी घेण्यापूर्वी घरातील प्रत्येक चालकाने तिच्यावर बसून पाहावे. निदान दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर भक्कम टेकावेत. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले असावे. इंजिन बंद ठेवून गाडी थोडी मागे ढकलून पाहावी. ढकलता येत नसेल तर ती गाडी आपल्यासाठी नाही. जुनी गाडी घेताना रात्री दिवा लावून पाहावा, कारण विहिरीवर जाताना त्याच्यावरच भिस्त असते.

सुरक्षितता

वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी ब्रेक लावल्यानंतर लागणारे अंतर सुमारे चौपट होते. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांत १२५ सीसीपर्यंत दोन्ही चाकांचे संयुक्त ब्रेक आणि त्यावरील गाड्यांत चाक जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. म्हणून जुनी गाडी घेताना उत्पादनाचे वर्ष पाहावे. हेल्मेट शेतापर्यंतच्या फेरीतही घालावे. १८ वर्षांखालील मुलास ५० सीसीवरील गाडीचा परवाना मिळत नाही. अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार पालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

देखभालीच्या चार गोष्टी

१) टायरमधील हवा आठवड्यातून एकदा तपासावी.
२) चेनचा सैलपणा पुस्तिकेप्रमाणे, साधारण २० ते ३० मि.मी. ठेवावा. चिखलातून आल्यावर चेन धुऊन ऑईल द्यावे.
३) धुळीच्या रस्त्यावर वापर असल्यास एअर फिल्टर लवकर स्वच्छ करावा किंवा बदलावा.
४) इंजिन ऑईल वेळेवर बदलावे.

थोडक्यात, वेग हवा त्याने रस्ता पाहावा, आराम हवा त्याने कंबर पाहावी आणि ओझे न्यायचे त्याने पुस्तिकेतील आकडा पाहावा. घरात दोन गाड्या परवडत असतील तर एक ओझ्यासाठी आणि एक प्रवासासाठी घ्यावी. एकच घ्यायची असल्यास वर्षभरातील सर्वांत जास्त फेऱ्या ज्या कामासाठी होतात, त्या कामाला साजेशी घ्यावी. वर्षातून दोनदा होणाऱ्या लांबच्या प्रवासासाठी तीनशे दिवसांची गैरसोय विकत घेऊ नये.