वेज (गोल्फ)

वेज हा गोल्फच्या खेळात चेंडू मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लबचा, म्हणजे दांड्याचा, एक प्रकार आहे. वेजचे पाते इतर क्लबांच्या तुलनेत अधिक मागे कललेले असते. त्यामुळे त्याने मारलेला चेंडू उंच उडतो, कमी अंतरावर उतरतो आणि उतरल्यावर फारसा घरंगळत नाही. खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. ग्रीनच्या जवळून मारायचे बहुतेक फटके आणि वाळूच्या खड्ड्यातून (बंकरमधून) चेंडू बाहेर काढण्याचे फटके वेजने मारले जातात.

नियमानुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. त्यांपैकी वेज किती असावेत, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. बहुतेक खेळाडू तीन किंवा चार वेज बाळगतात. या संख्येला कोणताही सर्वमान्य आकडा नाही. ती खेळाडूच्या पिचिंग वेजचा कल, त्याच्या फटक्यांची अंतरे, त्याचा सराव आणि मैदानाचे स्वरूप यांवर अवलंबून असते.

नाव आणि रचना

वेज या इंग्रजी शब्दाचा अर्थ पाचर असा आहे. क्लबच्या डोक्याचा आकार खाली जाड व वर निमुळता, म्हणजे पाचरीसारखा, असल्यामुळे हे नाव रूढ झाले. वेजची ओळख मुख्यतः दोन कोनांवरून होते.

लॉफ्ट: पाते उभ्या रेषेपासून जितके मागे कललेले असते, त्या कोनास लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जितका अधिक, तितका चेंडू उंच आणि अंतर कमी.

बाउन्स: क्लबच्या तळाचा मागचा भाग पात्याच्या पुढच्या कडेपेक्षा किती खाली उतरलेला आहे, हे या कोनावरून कळते. बाउन्स अधिक असल्यास क्लब माती किंवा वाळूत रुतत नाही, तर तिच्यावरून सरकत जातो. साधारणपणे ४ ते ६ अंशांचा बाउन्स कमी, ७ ते १० अंशांचा मध्यम आणि त्यापुढचा अधिक समजला जातो.

प्रकार

लॉफ्टनुसार वेजचे चार प्रकार प्रचलित आहेत. उत्पादकांनुसार त्यांचे कोन काहीसे बदलतात.

पिचिंग वेज (सुमारे ४३ ते ४८ अंश): हा सहसा आयर्न क्लबांच्या संचाबरोबरच मिळतो. ग्रीनवर थेट पोहोचणाऱ्या पूर्ण फटक्यासाठी त्याचा उपयोग होतो.

गॅप वेज (सुमारे ४९ ते ५३ अंश): पिचिंग वेज आणि सँड वेज यांच्यामधील अंतराची पोकळी भरून काढतो, त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. काही उत्पादक त्याला अ‍ॅप्रोच वेज असेही म्हणतात.

सँड वेज (सुमारे ५४ ते ५८ अंश): वाळूतून चेंडू काढण्यासाठी तयार झालेला आणि त्यामुळे सहसा अधिक बाउन्स असलेला क्लब.

लॉब वेज (सुमारे ५८ ते ६४ अंश): चेंडू जवळजवळ उभा वर चढवून थोड्याच अंतरावर अलगद उतरवण्यासाठी.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी क्लबांना आजच्यासारखे क्रमांक नव्हते. अधिक कललेल्या पात्याचा निब्लिक नावाचा क्लब वाळूतून आणि खडबडीत जागेतून चेंडू काढण्यासाठी वापरला जाई. त्याची पुढची कड पातळ असल्याने तो वाळूत खोल रुतत असे. यावर उपाय म्हणून अमेरिकेत टेक्सासमधील एडविन मॅकक्लेन यांनी खोलगट पात्याचा जड क्लब तयार केला व १९२८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. मात्र अशा पात्याने एकाच फटक्यात चेंडूला दोनदा स्पर्श होण्याची शक्यता असल्याचा आक्षेप घेण्यात आला आणि १९३१ मध्ये खोलगट पात्यांवर बंदी आली.

आधुनिक सँड वेजचे श्रेय सामान्यतः अमेरिकन खेळाडू जीन साराझेन यांना दिले जाते. त्यांनी निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूस शिसे जोडून तो भाग पुढच्या कडेपेक्षा खाली आणला. विमान वर चढताना त्याचे शेपूट खाली जाते, हे पाहून ही कल्पना सुचल्याचे साराझेन सांगत. १९३२ साली इंग्लंडमधील सँडविच येथील प्रिन्सेस मैदानावर झालेली ओपन स्पर्धा त्यांनी हाच क्लब वापरून जिंकली.

त्यानंतर दीर्घकाळ पिचिंग वेज आणि सँड वेज असे दोनच वेज पुरेसे मानले जात. १९८० च्या सुमारास अमेरिकन खेळाडू टॉम काइट यांनी ६० अंशांचा तिसरा वेज व्यावसायिक स्पर्धांमध्ये वापरण्यास सुरुवात केली आणि लॉब वेजचा प्रसार झाला.

गॅप वेजची गरज वेगळ्या कारणाने निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास पिचिंग वेजचा लॉफ्ट ५० अंशांच्या आसपास असे. पुढे आयर्न क्लबने चेंडू अधिक दूर जावा म्हणून उत्पादकांनी प्रत्येक क्रमांकाचा लॉफ्ट हळूहळू कमी केला. आज अनेक संचांतील पिचिंग वेज ४५ अंशांच्याही खाली आलेला आहे, तर सँड वेज ५६ अंशांच्या आसपासच राहिला. दोहोंमध्ये १० ते १२ अंशांची पोकळी पडली आणि ती भरण्यासाठी आणखी एका क्लबची आवश्यकता भासू लागली.

क्लबसंख्येची मर्यादा

१९३० च्या दशकापर्यंत क्लबांच्या संख्येवर बंधन नव्हते. १९३४ व १९३५ या दोन्ही वर्षी ब्रिटिश व अमेरिकन हौशी अजिंक्यपदे जिंकणारे लॉसन लिटल वीसहून अधिक क्लब बाळगत. फटक्यात बदल करण्याचे कौशल्य मागे पडून प्रत्येक अंतरासाठी वेगळा क्लब घेण्याची प्रवृत्ती वाढत असल्याची टीका होऊ लागली. अखेर अमेरिकेतील नियामक संस्थेने १९३८ पासून आणि ब्रिटनमधील संस्थेने १९३९ पासून १४ क्लबांची मर्यादा लागू केली.

मर्यादा ओलांडल्यास फटक्यांच्या संख्येवर निकाल लागणाऱ्या स्पर्धेत, नियमभंग झालेल्या प्रत्येक खळग्यामागे दोन आणि एका फेरीत जास्तीत जास्त चार फटक्यांचा दंड होतो. २००१ च्या ओपन स्पर्धेत वेल्सचे इयान वूसनम अखेरच्या फेरीपूर्वी संयुक्तपणे आघाडीवर होते. पहिल्या खळग्यानंतर त्यांच्या पिशवीत पंधरावा क्लब, एक जादा ड्रायव्हर, असल्याचे लक्षात आले व त्यांना दोन फटक्यांचा दंड झाला. स्पर्धेच्या शेवटी ते संयुक्त तिसरे आले. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा त्यांचा केवळ एक फटका अधिक होता.

ही मर्यादा एका फेरीपुरती असते. दोन फेऱ्यांच्या दरम्यान संच बदलता येतो, तसेच १४ पेक्षा कमी क्लब घेऊन सुरुवात करणाऱ्या खेळाडूला फेरी चालू असतानाही १४ पर्यंत क्लब वाढवता येतात.

वेजची संख्या ठरवणे

एक वेज वाढवणे म्हणजे दुसऱ्या टोकाचा एखादा लांब पल्ल्याचा क्लब कमी करणे होय. ड्रायव्हर, एक वूड, एक हायब्रिड, क्रमांक ४ ते ९ चे सहा आयर्न आणि पटर असा संच घेतला, तर दहा क्लब होतात व पिचिंग वेज धरून चार वेजना जागा उरते. त्यात आणखी एक वूड घातल्यास वेजची संख्या तीनवर येते. त्यामुळे किती वेज हवेत, हा प्रश्न कोणता क्लब गमावणे परवडेल, या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

पहिली पायरी: पिचिंग वेजचा लॉफ्ट

क्लबवर कोरलेल्या नावावरून लॉफ्ट कळत नाही. एका संचातील पिचिंग वेज ४८ अंशांचा, तर दुसऱ्यातील ४३ अंशांचा असू शकतो. म्हणून उत्पादकाने दिलेली माहिती पाहणे किंवा दुकानात कोन मोजून घेणे आवश्यक ठरते. त्यानंतर लगतच्या दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचे अंतर राहील अशी मांडणी केली जाते. काही नमुने पुढीलप्रमाणे:

४८, ५४, ६० अंश: तीन वेज, प्रत्येकी ६ अंशांचे अंतर.
४६, ५०, ५४, ५८ अंश: चार वेज, प्रत्येकी ४ अंशांचे अंतर.
४४, ५०, ५६ अंश: तीन वेज, लॉब वेज नाही.
४४, ४९, ५४, ५९ अंश: चार वेज, प्रत्येकी ५ अंशांचे अंतर.

४४ अंशांचा पिचिंग वेज आणि ५६ अंशांचा सँड वेज एवढे दोनच वेज ठेवल्यास १२ अंशांची पोकळी राहते. असा खेळाडू पिचिंग वेजने ११० यार्ड (सुमारे १०० मीटर) आणि सँड वेजने ८० यार्ड चेंडू मारत असेल, तर ९५ यार्डांवरून त्याला एक क्लब हळू किंवा दुसरा जोरात मारावा लागतो. दोन्हींत चूक होण्याचा संभव वाढतो.

दुसरी पायरी: प्रत्यक्ष अंतरे

लॉफ्टचा हिशेब हा केवळ आरंभ होय. सरावाच्या मैदानावर प्रत्येक क्लबने अनेक चेंडू मारून त्यांच्या सरासरी अंतराची नोंद करणे अधिक विश्वसनीय असते. पूर्ण फटक्यांमध्ये १० ते १५ यार्डांचा फरक सोयीचा मानला जातो. ज्यांचा क्लब फिरवण्याचा वेग कमी असतो, अशा खेळाडूंच्या लगतच्या क्लबांमधील अंतरे मुळातच जवळजवळ येतात. त्यांना ६ अंशांच्या फरकाने मांडलेले तीन वेज पुरतात. हीच नोंद लांब पल्ल्याच्या क्लबांसाठीही उपयोगी पडते. ४ क्रमांकाचा आयर्न आणि हायब्रिड जवळजवळ सारखेच अंतर देत असतील, तर त्यांपैकी एक वगळून त्या जागी वेज घेणे फायद्याचे ठरते.

तिसरी पायरी: अपूर्ण फटक्यांचा सराव

वेज हा नेहमी पूर्ण ताकदीने मारला जात नाही. हात किती मागे न्यायचे हे बदलून एकाच वेजने निरनिराळी अंतरे साधता येतात. नासाच्या एका केंद्रात संशोधन केलेले व पुढे गोल्फचे प्रशिक्षक झालेले डेव्ह पेल्झ यांनी या पद्धतीला निश्चित रूप दिले. चार वेज आणि प्रत्येकाचे तीन मापांचे फटके, अशी बारा अंतरे त्यांनी सुचवली. मात्र ही बारा अंतरे सरावानेच हाती येतात. आठवड्यातून एखाद्या वेळी खेळणाऱ्याला तीन वेजची नऊ अंतरे लक्षात ठेवणे अधिक सुकर जाते. स्पेनचे सेव्ह बॅलेस्टेरोस बालपणी समुद्रकिनाऱ्यावर एकाच ३ क्रमांकाच्या आयर्नने सर्व प्रकारचे फटके मारायला शिकले. क्लबांच्या उणिवेची भरपाई कौशल्याने कुठवर होऊ शकते, याचे ते नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

लॉब वेजच्या बाबतीत सरावाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. ६० अंशांच्या पात्यावर चेंडू किंचित वर लागला, तर तो अपेक्षित अंतराच्या निम्म्यावरच पडू शकतो. पुढची कड लागली, तर तो ग्रीन ओलांडून जातो. म्हणून नवशिक्यांना ५४ ते ५६ अंशांचा वेज आधी हाताळून पाहण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

मैदान आणि हवामान

आखूड अंतराची, उंचावलेल्या व लहान ग्रीनची आणि खोल बंकरची मैदाने अधिक वेजना अनुकूल असतात. समुद्रकाठच्या वाऱ्याच्या मैदानांवर चेंडू जमिनीलगत ठेवणे हिताचे असल्याने तेथे एखाद्या लांब आयर्नला प्राधान्य मिळते.

बाउन्सची निवड जमिनीवर अवलंबून असते. मऊ, ओल्या जमिनीवर आणि भुसभुशीत वाळूत अधिक बाउन्स उपयोगी पडतो. कडक जमिनीवर मात्र तोच क्लब आपटून उसळतो व चेंडूच्या मध्यावर लागतो. तेथे कमी बाउन्स हवा. चेंबूर किंवा येरवडा येथील मैदानांवर बारमाही खेळणाऱ्यास पावसाळ्यातील भिजलेली जमीन आणि एप्रिल-मे महिन्यांतील कडक जमीन अशा दोन्ही परिस्थितींना तोंड द्यावे लागते. एका वेजचा बाउन्स अधिक व दुसऱ्याचा कमी ठेवल्यास संख्या न वाढवताही ही अडचण बरीच कमी होते.

उल्लेखनीय उदाहरणे

अमेरिकन खेळाडू फिल मिकेलसन यांनी मैदानानुसार संच बदलण्याची टोकाची उदाहरणे घालून दिली. २००६ ची मास्टर्स स्पर्धा त्यांनी पिशवीत दोन ड्रायव्हर ठेवून जिंकली; एकाने चेंडू उजवीकडून डावीकडे, तर दुसऱ्याने डावीकडून उजवीकडे वळवता येई. २०१३ साली मेरियन येथे झालेल्या अमेरिकन ओपन स्पर्धेत त्यांनी याच्या उलट केले. ७,००० यार्डांपेक्षा किंचित आखूड अशा त्या मैदानावर त्यांनी ड्रायव्हर वगळला व पाच वेज घेतले. तेथे ते संयुक्त दुसरे आले. पुढच्याच महिन्यात स्कॉटलंडमधील म्युअरफील्ड येथील ओपन स्पर्धा त्यांनी ड्रायव्हरविनाच जिंकली.

एकच खेळाडू एका मैदानावर दोन ड्रायव्हर आणि दुसऱ्या मैदानावर पाच वेज घेऊन उतरतो, यावरून वेजची योग्य संख्या ही खेळाडू आणि मैदान यांच्या जोडीनेच ठरते, हे स्पष्ट होते. सामान्य खेळाडूस प्रत्येक मैदानासाठी संच बदलणे शक्य नसते. त्याच्या दृष्टीने, ज्यांची अंतरे त्याला नेमकी ठाऊक आहेत असे तीन वेज हे अंदाजाने वापरलेल्या चार वेजपेक्षा अधिक उपयुक्त ठरतात. चौथ्याची भर तेव्हाच सार्थ होते, जेव्हा पोकळी नोंदीतून दिसून आलेली असते आणि त्यासाठी काढावा लागणारा क्लब एरवीही क्वचितच वापरला जात असतो.