जुन्या बंदुकीवरील गंज : काढावा कीं राखावा ?

बार्शी तालुक्यांतील वैरागसारख्या जुन्या गांवीं एखाद्या वाड्यांत पणजोबांची ठासणीची बंदूक जपलेली असली, तर ती खंडेनवमीला पूजेसाठीं खालीं उतरते. नळी काळवंडलेली, कडेला तांबूस डाग. अशा वेळीं घरांत एक विचार हटकून निघतो : चार पैसे खर्चून कारागिराकडून ती लखलखीत कां करून घेऊं नये ? परंतु मजुरी किती, हें विचारण्यापूर्वीं मजुरी कशाबद्दल द्यावयाची, हें समजून घेतलें पाहिजे.

गंज म्हणजे लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि ओलावा यांच्या संयोगानें होणारा पदार्थ. त्याचीं रूपें मात्र एकसारखीं नसतात. नारिंगी, भुसभुशीत आणि बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. तो ओल धरून ठेवतो व खालचें लोखंड खात जातो. उलट गर्द तपकिरी किंवा काळा, कठीण व गुळगुळीत थर बहुधा स्थिर असतो. वैरागकडील हवा वर्षांतील बराच काळ कोरडी. तेथें गंज सावकाश चढतो. तीच बंदूक मुंबईच्या खाऱ्या, दमट वाऱ्यांत टांगली, तर एका पावसाळ्यांत तिच्यावर लाल डाग उमटूं शकतात.

आणखी एक नवल असें कीं, अनेक जुन्या नळ्यांचा तपकिरी रंग हाच मुळीं मुद्दाम चढविलेला गंज होय. कारागीर नळीला सौम्य आम्लाचें मिश्रण लावून ती गंजूं देई, वरचा भुगा घासून काढी, आणि हीच क्रिया अनेक वेळां करी. हवा तसा रंग आला म्हणजे तो ही क्रिया थांबवून नळीला तेल किंवा मेण लावी. ती नळी ‘स्वच्छ’ करणें म्हणजे त्या कारागिराचें कित्येक दिवसांचें काम पुसून टाकणें होय.

पोलाद व लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या नळ्यांवर लहरींसारखी नक्षी असते. कोफ्तगारीच्या कामांत बारीक रेघा पाडलेल्या लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसविलेली असते. पॉलिश कागदाचे थोडेसे हात फिरले, तरी हें नाजूक काम झिजतें. अक्षरें आणि छाप बोथट होतात. मग वस्तूचें वय ओळखण्याची खूण जाते, आणि तिचें मोलही घटतें.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लावण्याची आपली संवय येथें घातक ठरते. आम्ल खांचांत मुरून राहतें आणि पुन्हां गंज आणतें. विटेची पूड, राख व फिरतें चाक हींही वर्ज्यच. जाणता मनुष्य पातळ तेलानें जिवंत गंज मऊ करतो, शिंगाच्या किंवा पितळेच्या पातळ पट्टीनें तो हलकेच खरवडतो, आणि शेवटीं मेणाचा पातळ हात देतो. पूजेनंतर ओलें हळदकुंकू व हातांचा घाम लगेच पुसावा, हा उपाय तर बिनखर्चाचा आहे.

बंदूक कारागिराकडे देण्यापूर्वीं तींत जुना बार राहिलेला नाहीं, याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतील सवलत पुरातन शस्त्रांपैकीं, दुरुस्तीनेंही उडूं न शकणाऱ्या शस्त्रांना आहे. तेव्हां परवान्याचा प्रश्न आधीं पोलिसांकडे विचारून घ्यावा. मौल्यवान वस्तूसाठीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणीं सल्ला घेणें श्रेयस्कर.

कारागिराशीं ठराव करतांना काय काढणार आणि काय राखणार, हें लेखी घ्यावें. आधींचीं छायाचित्रें जवळ ठेवावीं. चकाकी केव्हांही आणतां येते. एकदां गेलेली जुनी कांति मात्र कितीही मजुरी दिली तरी परत मिळत नाहीं. म्हणून पैसा द्यावयाचा तो गंज थांबविण्यासाठीं, वय पुसण्यासाठीं नव्हे.