उसन्या माहितीचें जोडकाम



वाशी स्टेशनावर संध्याकाळच्या वेळीं दहा मिनिटें उभें राहिलें, तर आजच्या भाषणाचा विषय सहज ध्यानांत येतो. मुंबईची लोकलगाडी १९९२ सालीं ठाण्याची खाडी ओलांडून येथें आली, आणि २००४ सालीं ठाणें-वाशी हा दुसरा मार्ग तिला येऊन मिळाला. मानखुर्दकडून येऊन घणसोलीस जाणारा मनुष्य येथें उतरतो, ठाण्याची गाडी धरतो, आणि घणसोलीस पोंचल्यावर बसच्या शोधांत निघतो. त्यास लागणारी माहिती जगांत आहे; परंतु ती निरनिराळ्या धन्यांच्या हातीं आहे. गाड्यांचें वेळापत्रक रेल्वेपाशीं, बसचें महानगरपालिकेच्या परिवहन सेवेपाशीं, रस्त्यांचा नकाशा तिसऱ्याच कोणापाशीं. आणि 'आज गाडी रखडली आहे' ही सर्वांत महत्त्वाची बातमी मात्र फलाटावरील प्रवाशांपाशीं! ही सारी माहिती एकत्र गुंफून मोबाइलच्या एका पडद्यावर मांडणें, या विद्येस 'मॅशअप' असें नांव आहे. आपण तिला जोडकाम म्हणूं.

दुसऱ्याच्या यंत्रांतील माहिती मागावयाची कशी? तिकिटाच्या खिडकीचा दाखला घ्या. आपण रेल्वेच्या कचेरींत शिरून कपाटें धुंडाळीत नाहीं; खिडकीपाशीं उभे राहून ठराविक रीतीनें मागणी करतों आणि ठराविक रीतीचें तिकीट आपल्या हातीं पडतें. संगणकांच्या व्यवहारांत या खिडकीस 'एपीआय' म्हणतात. एक यंत्र दुसऱ्या यंत्रास ठराविक नमुन्यांत प्रश्न विचारतें व ठराविक नमुन्यांत उत्तर घेतें. पुढें हें उत्तर तिसऱ्याच ठिकाणीं दाखवावयाचें असेल, तर त्याकरितां 'विजेट' नांवाची लहान चौकट करतात. वाशींतील एखाद्या महाविद्यालयानें आपल्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यांत 'पुढची गाडी' दाखविणारी अशी चौकट बसविली, तर पान महाविद्यालयाचें, चौकट कारागिराची आणि माहिती रेल्वेची, असा तिघांचा तो संसार होय.

या विद्येचा बोलबाला २००५ सालापासून झाला. त्या वर्षीं पॉल रॅडेमाकर या अमेरिकन कारागिरानें क्रेगलिस्टवरील घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर मांडून दाखविल्या. गूगलनें तेव्हां नकाशाची खिडकी बाहेरच्यांकरितां उघडलेली नव्हती. नकाशा कसा चालतो हें उकलून त्यानें तो वापरला. त्याच वर्षीं जूनमध्यें गूगलनें ती खिडकी सर्वांस खुली केली. पुढें २००७ सालीं फेसबुकनें, व पाठोपाठ गूगलनें ओपनसोशल या नांवानें, मनुष्यांच्या ओळखीपाळखींची खिडकीही कारागिरांपुढें उघडली. आपल्याकडे सचिन टेके यांनीं २०१० सालीं काढलेलें 'एम-इंडिकेटर' मुंबईकरांच्या परिचयाचें आहेच. त्यांत वेळापत्रकाच्या जोडीस प्रवाशांच्या आपापसांतील संभाषणाचीही सोय झाली. त्याचें मर्म असें कीं, वेळापत्रक काय व्हावयाचें तें सांगतें, आणि प्रवासी काय झालें तें सांगतात.

हें काम वरवर सोपें दिसतें. पण त्यांत खांचखळगे पुष्कळ आहेत. पहिला खळगा नांवांचा. 'वाशी' हें एकच नांव घेऊन दोन याद्या जोडावयास गेलों, तर धाराशिव जिल्ह्यांतील वाशी तालुका नवी मुंबईच्या स्टेशनाशीं येऊन चिकटावयाचा! यंत्रास दोन्ही शब्द सारखेच. म्हणून नांवावर विसंबून न राहतां स्टेशनाची सांकेतिक खूण, किंवा स्थळाचे अक्षांश-रेखांश, यांवरून जोड द्यावी लागते. दुसरा खळगा वेळेचा. दहा मिनिटांपूर्वींची बातमी ताजी म्हणून दाखविली, तर तीवर विसंबलेल्या मनुष्याची गाडी चुकते. तेव्हां प्रत्येक बातमीशेजारीं ती केव्हांची आहे हें छापणें, हा कारागिराचा प्रामाणिकपणा होय. तिसरा खळगा रुसव्याचा. चारांपैकीं एक खिडकी बंद पडली, तर सारा पडदा कोरा होऊं नये. उरलेल्या तिघांचें काम चालू राहील अशीच रचना असावी.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. जोडकामांतील सारा माल उसना असतो, आणि उसन्या मालाचा धनी आपल्या अटी केव्हांही बदलूं शकतो. गूगलचा नकाशा पूर्वीं दिवसाला २५,००० वेळां फुकट दाखवितां येत असे. २०१८ सालीं ही सवलत महिन्याला सुमारें २८,००० वर आली. फुकटच्या नकाशावर उभारलेल्या किती तरी लहान कारागिरांस तेव्हां एक तर खिसा रिकामा करावा लागला, नाहीं तर दुकान बंद करावें लागलें. यावर उपाय दोन. एक, ज्या मालाचा धनी कोणी एकटा नाहीं असा माल वापरणें. स्टीव्ह कोस्ट यांनीं २००४ सालीं इंग्लंडांत आरंभिलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा लोकांनीं मिळून काढलेला नकाशा त्यांतलाच. दुसरा, सार्वजनिक पैशानें गोळा झालेली माहिती सर्वांस मोकळी असावी असा आग्रह धरणें. भारत सरकारनें २०१२ सालीं याविषयीं धोरण ठरवून अशा माहितीचें एक संकेतस्थळही उघडलें.

परंतु याहूनही नाजूक असा दुसरा उसना माल आहे, आणि तो म्हणजे आपल्या शेजाऱ्यांची माहिती. फेसबुकच्या खिडकींतून एके काळीं, ज्यानें संमति दिली त्याचीच नव्हे, तर त्याच्या स्नेह्यांचीही माहिती मिळत असे. केंब्रिज ॲनालिटिकाचें प्रकरण उघडकीस आल्यावर २०१८ सालीं फेसबुकनें सांगितलें कीं, तें ॲप भारतांत अवघ्या ३३५ जणांनीं घेतलें होतें. परंतु त्यांच्या ओळखीपायीं आणखी ५,६२,१२० भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव होता. त्यांस कोणी विचारलेंही नव्हतें! ती खिडकी २०१५ सालींच बंद झाली होती, पण गेलेली माहिती परत येत नाहीं. पुढें २०२३ सालीं आपल्या संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्या कामाकरितां संमति घेतली, त्या कामास लागेल तेवढीच माहिती घ्यावी, हें त्याचें एक मुख्य सूत्र आहे.

हें सूत्र घेऊन पुन्हा वाशीच्या फलाटावर चला. तेथील प्रवाशांकरितां एखाद्या तरुण कारागिरानें जोडकाम करावयास घेतलें, तर त्यानें काय विचारावें? कोणती गाडी, कोणतें स्टेशन, आणि गाडी वेळेवर आहे कीं नाहीं. गाडीचा उशीर कळण्यास प्रवाशाचें नांव लागत नाहीं; त्याच्या स्नेह्यांची यादी तर मुळींच लागत नाहीं. जो जोडतो त्याची मालकी जोडापुरतीच असते. वस्त्राचे तुकडे दुसऱ्यांचे असतात. हें ज्यानें ओळखलें, त्याच्या पडद्यावर विश्वास ठेवून दमलेला प्रवासी दुसरी गाडी निश्चिंतपणें धरील.