जुन्या प्लगिनला निरोप देताना

११ ऑगस्ट २०२० रोजी वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीची ५.५ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या काही दिवसांत जगभरातील अनेक संकेतस्थळचालक एकाच तऱ्हेच्या अडचणीत सापडले. मुखपृष्ठावरील चित्रमालिका पुढे सरकेना, मेनूवर टिचकी मारूनही उपविभाग उघडेनात, अर्ज भरून झाल्यावर 'पाठवा' हे बटण दाबले तरी काहीच घडेना. गंमत अशी, की त्यांच्यापैकी अनेकांनी संकेतस्थळावर नवे काहीही बसवले नव्हते. उलट, डोळ्यांना कधीच न दिसणारी एक जुनी गोष्ट तेथून काढून घेण्यात आली होती. तिचे नाव जेक्वेरी मायग्रेट.

कालबाह्य झालेले सॉफ्टवेअर बंद करायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. कर्त्याने काम थांबवले की विषय संपला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात काम थांबते तेथून खरा प्रश्न सुरू होतो. कारण कर्त्याने हात काढून घेतला तरी त्याचे सॉफ्टवेअर हजारो ठिकाणी चालूच राहते. जेक्वेरी मायग्रेटची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

दुभाष्याची नेमणूक

वर्डप्रेस २००३ पासून अस्तित्वात आहे आणि आज जगातील सुमारे चाळीस टक्के संकेतस्थळे त्यावर चालतात. ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिचा मूळ आराखडा कोणालाही पाहता येतो, वापरता येतो आणि त्यात बदलही करता येतो. मूळ प्रणालीत नसलेली सोय हवी असेल तर त्यासाठी छोटी पूरक आज्ञावली जोडता येते. तिलाच प्लगिन म्हणतात. संपर्काचा अर्ज, छायाचित्रांचे दालन, दुकानाचे खरेदीपत्रक अशा हरएक गोष्टीसाठी प्लगिन उपलब्ध आहेत आणि त्यांतील असंख्य प्लगिन एकट्यादुकट्या व्यक्तीने फावल्या वेळात लिहिलेले आहेत.

जेक्वेरी हे याच मुक्त परंपरेतले अपत्य. जॉन रेसिग या तरुण प्रोग्रॅमरने २००६ मध्ये ते जगापुढे आणले, तेव्हा निरनिराळे ब्राउझर एकच आज्ञा निरनिराळ्या तऱ्हेने समजून घेत असत. एका ब्राउझरवर नीट चालणारे पान दुसऱ्यावर विस्कटत असे. जेक्वेरीने हा घोळ पोटात घेतला आणि संकेतस्थळ रचणाऱ्यांना एकच सोपी भाषा दिली. ती इतकी लोकप्रिय झाली, की वर्डप्रेसनेही ती आपल्या प्रणालीत समाविष्ट केली.

कालांतराने त्या भाषेतही जुने, गैरसोयीचे शब्द साचले. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या १.९ या आवृत्तीत जेक्वेरीच्या कर्त्यांनी त्यांतले अनेक शब्द काढून टाकले. उदाहरणार्थ, 'लाइव्ह' ही आज्ञा गेली आणि तिचे काम 'ऑन' या आज्ञेकडे आले. मात्र, जुन्या शब्दांत लिहिलेली असंख्य पाने एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून त्यांनी त्याच वेळी एक पूरक प्लगिनही दिले. तेच हे मायग्रेट. जुनी आज्ञा आली की ती नव्या व्यवस्थेला समजेल अशी चालवायची आणि त्याच वेळी प्रोग्रॅमरच्या नजरेला पडेल असा इशारा नोंदवायचा, अशी दुहेरी जबाबदारी या दुभाष्यावर होती. वर्डप्रेसनेही तो ठेवून घेतला.

दुभाष्या असा नेमला जातो तो काही काळापुरता. पक्षकारांनी एकमेकांची भाषा शिकावी आणि त्याची गरज संपावी, हेच त्याच्या कामाचे यश. येथे नेमके उलटे झाले. मायग्रेट सारे सांभाळून घेत असल्यामुळे जुनी आज्ञावली दुरुस्त करण्याची निकड कोणालाच वाटली नाही. इशारे नोंदवले जात राहिले. पण ते अशा ठिकाणी होते, जेथे संकेतस्थळाचा मालक कधी डोकावतही नाही. वर्डप्रेसची मजल २०१६ मधील जेक्वेरी १.१२.४ या आवृत्तीपाशीच थांबली होती. तिकडे जेक्वेरीची तिसरी पिढी पुढे निघून गेली होती आणि जुन्या शाखेची देखभाल थांबली होती. एप्रिल २०२० मध्ये जेक्वेरी ३.५ मध्ये सुरक्षेच्या काही त्रुटी दुरुस्त करण्यात आल्या. त्या त्रुटी आधीच्या आवृत्त्यांमध्ये होत्या. आता जुन्याला चिकटून राहणे हा केवळ आळस उरला नव्हता, ती जोखीम झाली होती.

तीन पायऱ्यांची योजना

वर्डप्रेसच्या चमूने एकदम घाव न घालता तीन टप्प्यांची योजना आखली. पहिल्या टप्प्यात, म्हणजे ५.५ या आवृत्तीत, मायग्रेट आपोआप जोडणे बंद करायचे. दुसऱ्या टप्प्यात ५.६ मध्ये जेक्वेरीच नव्या पिढीची आणायची आणि तिच्यासोबत त्या पिढीला साजेसा नवा मायग्रेट द्यायचा. तिसऱ्या टप्प्यात, ५.७ च्या सुमारास, हा नवा दुभाष्याही निवृत्त करायचा.

योजना तर्कशुद्ध होती आणि आगाऊ जाहीरही झाली होती. पण ती जाहीर झाली प्रोग्रॅमर मंडळींच्या वर्तुळात. ज्याचे संकेतस्थळ एखाद्या ओळखीच्याने काही वर्षांपूर्वी करून दिले आणि जो त्यानंतर केवळ मजकूर बदलत राहिला, त्याच्यापर्यंत ती पोहोचण्याचा मार्गच नव्हता. त्याला बातमी कळली ती बटण चालेनासे झाल्यावर. करोनाच्या टाळेबंदीमुळे अनेकांचा ग्राहकांशी संबंध तेव्हा संकेतस्थळापुरताच उरला होता. अशा वेळी बंद पडलेला अर्ज म्हणजे बंद पडलेले दुकान होते.

यावर काढलेला तोडगा लक्षात ठेवण्याजोगा आहे. काढून टाकलेल्या प्लगिनची उणीव भरून काढणारे आणखी एक तात्पुरते मदतनीस प्लगिन वर्डप्रेसच्या चमूने उपलब्ध करून दिले. ते बसवले की जुना मायग्रेट परत येई आणि संकेतस्थळ पुन्हा चालू लागे. शिवाय, कोणत्या थीमने वा कोणत्या प्लगिनने जुनी आज्ञा वापरली, याची नोंद ते मालकाच्या रोजच्या नियंत्रण-फलकावरच दाखवी. म्हणजे इशारा प्रथमच योग्य माणसाच्या डोळ्यांसमोर आला. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांनी हा आधार घेतला.

डिसेंबर २०२० मध्ये ५.६ आवृत्तीबरोबर जेक्वेरी ३.५.१ आली आणि दुसरी पायरी पार पडली. तिसरी मात्र ठरल्याप्रमाणे झाली नाही. नवा मायग्रेट २०२१ मध्ये निघाला नाही आणि त्यानंतरच्या कित्येक आवृत्त्यांबरोबरही तो जात राहिला. याला कोणी अपयश म्हणेल. पण वापरणाऱ्यांची तयारी झालेली नसताना केवळ वेळापत्रक पाळण्यासाठी पुन्हा तीच पडझड घडवण्यापेक्षा थांबणे अधिक शहाणपणाचे होते. याच वर्डप्रेसने २०१८ मध्ये नवा लेखन-संपादक आणला, तेव्हा जुना संपादक 'क्लासिक एडिटर' या नावाने प्लगिनच्या रूपात वेगळा ठेवला. त्याला २०२१ अखेरची मुदत दिली होती. तीही पुढे वाढवावी लागली. मुदत ठरवल्याशिवाय कोणी हलत नाही आणि ठरवलेली मुदत ताणल्याशिवाय सगळे पोहोचत नाहीत, असा या व्यवहारातला अनुभव आहे.

पत्ता नसलेले वापरकर्ते

निरोपाचा हा निदान नियोजित प्रकार झाला. नियोजनच अशक्य असेल तर काय होते, हे टिमथम्बने दाखवून दिले. छायाचित्रांच्या लहान प्रती तयार करणारी ही एका फाइलची आज्ञावली एके काळी शेकडो थीममध्ये आयती घातलेली असे. ती बाहेरच्या ठरावीक विश्वासू संकेतस्थळांवरूनच चित्रे आणू देई. परंतु त्या संकेतस्थळाचे नाव पत्त्यात कोठेतरी आहे एवढेच ती तपासत असे. त्यामुळे हल्लेखोराने आपल्या पत्त्यात एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव गुंफले, की त्याची घातक फाइल चित्राच्या नावाखाली आत येऊन बसे. ऑगस्ट २०११ मध्ये हे उघडकीस आले. आज्ञावली तातडीने दुरुस्त झाली, पण दुरुस्त प्रत पोहोचवायची कोठे? प्लगिनची नवी आवृत्ती आली तर मालकाला तशी सूचना दिसते. थीमच्या पोटात दडलेल्या फाइलला असा पत्ताच नव्हता. आपल्याकडे टिमथम्ब आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते.

वास्तविक, चित्रांच्या लहान प्रतींची सोय डिसेंबर २००९ मध्येच वर्डप्रेसच्या मूळ प्रणालीत आली होती. पर्याय तयार होता, त्याकडे नेणारी वाट मात्र कोणी आखली नव्हती. २०१४ मध्ये टिमथम्बमध्ये आणखी एक गंभीर त्रुटी सापडली आणि त्याच वर्षी तिच्या देखभालकर्त्याने आपण ती सांभाळणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

तिसरा प्रकार सर्वांत धोकादायक. आपल्याला वेळ नाही म्हणून प्लगिन दुसऱ्याच्या हवाली करणे हा अनेकांना सोयीचा मार्ग वाटतो. पानांच्या बाजूचे चौकोन कोणत्या पानावर दिसावेत हे ठरवणारे 'डिस्प्ले विजेट्स' हे प्लगिन दोन लाखांच्या आसपास संकेतस्थळांवर होते. २०१७ मध्ये ते विकले गेले. नव्या मालकाने अद्ययावत आवृत्तीच्या नावाखाली त्यात अशी आज्ञावली घातली, की संकेतस्थळावर परक्या जाहिरातींचा मजकूर प्रकट होई आणि स्वतः मालक प्रवेश करून पाहू लागला की तो दिसेनासा होई. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतून ते वारंवार हटवावे लागले. परंतु यादीतून प्लगिन हटवल्याने आधी बसवलेल्या प्रती बंद पडत नाहीत. त्या मालकाने स्वतः काढेपर्यंत चालूच राहतात. येथे विकले गेले ते केवळ प्लगिन नव्हते. लाखो लोकांचा 'अपडेट' या शब्दावरचा विश्वास त्यासोबत गेला.

निरोपाची रीत

या तीनही घटनांतून निवृत्तीची एक रीत स्पष्ट होते. बंद होण्याची सूचना वापरणाऱ्याला दिसेल अशा जागी, त्याला समजेल अशा भाषेत द्यावी आणि तिच्यात कारण, तारीख व पर्याय या तिन्ही गोष्टी असाव्यात. प्लगिनने साठवलेली माहिती, मग ती ग्राहकांची यादी असो वा छायाचित्रांच्या ओळी, बाहेर काढून घेण्याची सोय शेवटच्या आवृत्तीत द्यावी. ती शेवटची आवृत्ती सुरक्षित असावी. आणि उत्तराधिकारी विश्वासाचा नसेल, तर किल्ल्या अनोळखी हाती देण्यापेक्षा दार बंद केलेले बरे.

संकेतस्थळाच्या मालकालाही यात आपला वाटा उचलावा लागतो. वर्षातून निदान दोनदा प्लगिनची यादी काढून प्रत्येकाची शेवटची सुधारणा केव्हा झाली ते पाहावे. वर्डप्रेसच्या यादीत, गेल्या तीन मुख्य आवृत्त्यांसोबत तपासणी न झालेल्या प्लगिनच्या पानावर तसा इशाराही दिसतो. बदल करण्याआधी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवावी आणि शक्य असल्यास बदल वेगळ्या चाचणी-प्रतीवर करून पाहावा. नको असलेले प्लगिन नुसते निष्क्रिय करून ठेवू नये, पुसून टाकावे; कारण निष्क्रिय प्लगिनच्या फाइलीही सर्व्हरवर तशाच राहतात आणि त्यांतील त्रुटीही. संकेतस्थळ दुसऱ्याकडून करून घेतले असेल, तर त्यात काय काय बसवले आहे याची लेखी यादी कामाच्या पैशांबरोबरच मागून घ्यावी.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बहुधा विनामूल्य मिळते. त्याचे बिल येत नाही, त्यामुळे ते कोण सांभाळते याची चौकशीही होत नाही. कर्ता एखाद्या दिवशी थकतो, नोकरी बदलतो, त्याचे स्वारस्य संपते. त्याने आयुष्यभर ते सांभाळावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. जाताना त्याने सांगून जावे, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. आणि तो सांगत असताना ऐकणारे कोणी असावे, ही जबाबदारी वापरणाऱ्याची. मायग्रेटचे इशारे २०१३ पासून नोंदवले जात होते; ते वाचायला अनेकांनी २०२० मध्ये बटण बंद पडेपर्यंत वाट पाहिली.