आजीची गोळी आणि कीटोचे तूप

बी. ए. द्वितीय वर्ष

आपल्याकडे घरातली वयस्क बाई थकली की तिचे निदान करायला डॉक्टर लागत नाही. "आता वय झालं" असे शेजारीपाजारीच सांगून मोकळे होतात. माझ्या आजीच्या बाबतीतही असेच झाले. तिचे वय चौसष्ट. सारे आयुष्य निंदणी-खुरपणीत गेलेले. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात भर उन्हाळ्यात ती अंगावर लुगड्याचा पदर घट्ट लपेटून बसू लागली, तोंडावर सूज दिसू लागली, आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना. दोन पावले चालली तरी "दम लागला वं" म्हणून ओसरीवर टेकायची. आम्ही सगळ्यांनी ते वयाच्या नावावर जमा केले. पुढे जिल्ह्याच्या गावी रक्त तपासले तेव्हा कळले की दुखणे वयाचे नसून गळ्यातल्या एका छोट्या ग्रंथीचे आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे रिपोर्ट वाचणे, बाटलीवरचे इंग्रजी वाचणे आणि मोबाईलवरचे व्हिडिओ आजीला समजावून सांगणे ही तिन्ही कामे माझ्याकडे आली. त्यातली दोन मी चुकीची केली. त्या चुकांपायी मला जे शिकावे लागले तेच या लेखात मांडत आहे. गृहअर्थशास्त्र हा माझा विषय असला तरी मी डॉक्टर नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गळ्यातले फुलपाखरू

थायरॉईड ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखी असते. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. अन्नातले आयोडीन घेऊन ती दोन संप्रेरके तयार करते. एकात आयोडीनचे चार अणू असतात म्हणून ते टी-४, दुसऱ्यात तीन म्हणून ते टी-३. टी-४ हा साठ्याचा माल समजावा. यकृतात व इतर अवयवांत त्यातला एक आयोडीन निघून त्याचे टी-३ होते आणि खरे काम टी-३ करते. हृदयाची गती, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, सगळ्यांवर त्याची हुकमत चालते. ही संप्रेरके कमी पडली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचा निरोप मोठ्याने पाठवू लागते. म्हणून रिपोर्टात टीएसएचचा आकडा वाढला, तर थायरॉईड मंदावली असा अर्थ होतो. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा नेमके उलटे समजले होते. वय वाढते तसा हा आकडा थोडा वर सरकतो, त्यामुळे आकड्यावरून घाबरणे किंवा निर्धास्त होणे हे दोन्ही डॉक्टरांवर सोपवलेले बरे.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो आणि वयाबरोबर वाढतो. पूर्वी आपल्या देशात त्याचे मोठे कारण आयोडीनची कमतरता हे होते. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाने गळे सुजलेली गावेच्या गावे होती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड हटतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली. आज वयस्क स्त्रियांत मंद थायरॉईडचे नेहमीचे कारण वेगळे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीला शत्रू समजून पोखरते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. अशा वेळी जास्तीचे आयोडीन खाऊन ग्रंथी सुधारत नाही. जे संप्रेरक शरीर बनवत नाही ते गोळीतून द्यावे लागते.

ही युक्ती जुनी आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. अंग सुजून सुस्त पडलेली ती बाई हिंडूफिरू लागली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आजीच्या बाटलीतल्या गोळीचे कूळ तेथपर्यंत जाते.

माझी पहिली चूक

बाटलीवर ५० असा आकडा होता. हे ५० म्हणजे मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचाही हजारावा भाग. इतकी बारीक मात्रा असल्यावर ती पोटात कशी जाते याला फार महत्त्व असणार, हे मला सुचायला हवे होते. सुचले नाही. गुडघ्यासाठी कॅल्शियमची गोळीही दिलेली होती. मी सोयीचा हिशेब केला आणि आजीला सांगितले, "दोन्ही गोळ्या पहाटेच्या दुधाच्या चहासंगं घेत जा, म्हणजे विसरणार नाहीस."

आजी आज्ञाधारक. सहा महिने तिने एक दिवस चुकवला नाही. टीएसएच मात्र खाली येईना. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तरी फरक दिसेना. शेवटी त्यांनी आजीला साधा प्रश्न विचारला, "आजी, गोळी घेता कशी?" तिने मोठ्या अभिमानाने माझे नाव घेऊन सगळे सांगितले. मी मान खाली घातली.

कॅल्शियम व लोह ही औषधे थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात आणि ते रक्तात पोहोचू देत नाहीत. म्हणून ही गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-न्याहारी निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाभराने करायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवायचे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन उदंड पिकते. सोयाबीनही या गोळीच्या शोषणात अडथळा आणते, तेव्हा त्यातही अंतर हवे. टिनपत्र्याच्या घरात उन्हाळ्यात बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये, कारण उष्णता आणि दमट हवा दोन्हींनी औषध उतरते. एवढी शिस्त पाळल्यावर आजीचा आकडा खाली आला आणि मात्राही पुन्हा कमी करावी लागली.

कीटो म्हणजे काय?

दुसरी चूक व्हिडिओची. आजीची एक इच्छा आहे, गावच्या दिंडीबरोबर पायी शेगावला जायची. गुडघे आणि वजन आड येत होते. शहरातल्या मावशीने फोनवर सांगितले, "कीटो कर, महिन्यात हलकी होशील." मी व्हिडिओ शोधून दिले. त्यातल्या एकात तर या आहाराने थायरॉईड मुळापासून बरा होतो असेही सांगितले होते.

कीटो आहाराचा जन्म वजन उतरवण्यासाठी झालेला नाही. १९२१ मध्ये त्याच मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी मिरगीच्या रुग्णांसाठी तो सुचवला. उपाशी राहिल्याने फेफरे कमी येतात हे वैद्यांना ठाऊक होते. न उपाशी ठेवता तीच अवस्था शरीरात कशी आणावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले आणि स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे द्रव्य बनवते आणि मेंदू त्यावर चालू लागतो. औषधांना दाद न देणाऱ्या मिरगीत आजही हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून पुढे आलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेला दिवसातून दोनदाच जेवण्याचा क्रम वेगळा आणि कीटो वेगळा. पहिल्यात किती वेळा खावे यावर भर आहे, ताटात भाकर चालते. कीटोत भाकरच चालत नाही. गावात दोन्हींना सरसकट "डायट" म्हणतात आणि घोटाळा होतो.

कीटोत दिवसभरात साधारण २० ते ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ चालतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते सत्तर ग्रॅमच्या आसपास असतात. आमच्याकडची थापलेली मोठी भाकर पाऊणशे ग्रॅम पिठाची धरली, तर एका भाकरीतच दिवसाचा कोटा संपतो. उरलेली भूक भागवायची कशाने? तूप, लोणी, पनीर, अंडी, बदाम. उष्मांकांचा सुमारे सत्तर टक्के भाग स्निग्धांशातून यायला हवा. दीड हजार उष्मांकांच्या आहारात तो शंभराहून अधिक ग्रॅम होतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात हा हिशेब बसत नाही. आजीसाठी पनीर यायचे तेव्हा लहान भाऊ ताटाकडे बघत बसे, हे मी विसरू शकत नाही.

अठरा दिवस

आजीने अठरा दिवस कीटो पाळला. पहिल्याच आठवड्यात वजन दोन किलो उतरले. आम्ही हरखलो. पुढे वाचनात आले की यकृतात व स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते; साखर संपली की ते पाणी जाते. आरंभी काटा उतरतो तो मुख्यतः पाण्यामुळे. मंद थायरॉईडमुळे वाढलेले वजनही बहुधा दोन ते पाच किलो आणि त्यातही मीठ-पाणीच अधिक असते. ते गोळी नीट लागू पडली की उतरते. बाकीच्या वजनाचा दोष थायरॉईडवर टाकता येत नाही.

पाण्याबरोबर क्षारही जातात. आजीला रक्तदाबाची गोळी होतीच. अठराव्या दिवशी सकाळी ती गोठ्यात शेण काढता काढता भोवळ येऊन बसली. पोट तर चार दिवस साफ नव्हते. भाकर आणि डाळ गेल्यावर चोथा कोठून मिळणार? डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो बराच खाली होता.

थायरॉईडपुरते पाहिले तर आणखी दोन गोष्टी आहेत. पिष्टमय पदार्थ फार कमी झाले की शरीर त्याला दुष्काळ समजते आणि टी-४ चे टी-३ करणे आवरते घेते, म्हणजे खर्चाला कात्री लावते. तुर्कस्तानात मिरगीसाठी कीटो आहारावर ठेवलेल्या १२० मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांतल्या २० जणांना थायरॉईडची गोळी सुरू करावी लागली. मुलांचा निष्कर्ष आजीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण "कीटोने थायरॉईड मुळापासून बरा होतो" या दाव्याला मात्र भक्कम पुरावा नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. त्या व्हिडिओत गुलाबी सैंधव मिठाचे पाणी प्यायला सांगितले होते. आपल्याकडे उपवासालाही सैंधव चालते. पण सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते. आमचा जिल्हा समुद्रापासून दूर. लोणारच्या सरोवराचे पाणी खारे आणि पूर्णेकाठचा पट्टा खारपाणाचा, म्हणून आपल्याला आयोडीन मिळतच असेल असे काहींना वाटते. खारे म्हणजे आयोडीनयुक्त नव्हे. स्वयंपाकाचे रोजचे मीठ आयोडीनचेच असावे.

मग कोणी कीटो करूच नये काय? असे मी म्हणणार नाही. वजन आणि रक्तातील साखर उतरायला काहींना त्याचा उपयोग होतो. पण वयस्क स्त्रीने, तीही गोळ्या चालू असताना, डॉक्टरांना सांगितल्याविना तो धरू नये. मधुमेहाच्या काही औषधांबरोबर साखर एकदम खाली जाते, काहींबरोबर रक्त आम्ल होण्याचा धोका असतो. उतारवयात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन बरेच उतरले तर थायरॉईडची मात्रा पुन्हा ठरवावी लागते, कारण ती जास्त झाल्यास हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे ठिसूळ होतात. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे हा सर्वांत मोठा धोका.

शेवटी

डॉक्टरांनी आजीला न रागावता विचारले, "काय खावंसं वाटते?" आजी म्हणाली, "सायेब, तूप खाऊन माह्यं पोट भरते, पन भाकरीबिगर जेवल्यासारखं वाटत नाही." तेव्हा असे ठरले: दोनाच्या जागी एक भाकर, मुगाची किंवा मटकीची उसळ, एक अंडे, पालेभाजी, ताक आणि संध्याकाळी देवळापर्यंत चालणे. साखरेचा चहा दिवसातून एकदाच. वजन सावकाश उतरते आहे; चार महिन्यांत तीन किलो. यंदा दिंडीबरोबर ती पहिल्या मुक्कामापर्यंत चालली आणि तेथून एसटीने शेगावला गेली. "पुढच्या साली पाहू वं पोरी," एवढेच म्हणाली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी बाटलीवरचे इंग्रजी वाचणारे आपण एकटेच असू. घरच्यांचा आपल्यावर फार विश्वास असतो. आपण सांगितलेले ते तपासून पाहत नाहीत. म्हणून न कळलेले कळले असे सांगू नये. आज घरी गेल्यावर आई-आजीला एवढेच विचारावे, "गोळी घेतेस कशी?" हा प्रश्न मी सहा महिने उशिरा ऐकला आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून.