कॅमेरा आपल्या हाती आला

६ डिसेंबरला आम्ही सारे शिवाजी पार्कच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी मोठे पेपर लिहितात ते वाहतूक कोंडीवर! याच गर्दीवर सोमनाथ वाघमारे यांनी ‘चैत्यभूमी’ हा माहितीपट केला. तो २०२३ साली आला.

सोमनाथ सांगली जिल्ह्यातील मालेवाडीचे. आपल्याच समाजातील हा तरुण. २०१७ साली त्यांनी भीमा कोरेगाववर माहितीपट काढला. विजयस्तंभाला मानवंदना देणारी आपली माणसे त्यात बोलतात. पुढे १ जानेवारी २०१८ रोजी तिथे हल्ला झाला आणि साऱ्या वाहिन्या धावल्या. आमचा हा पोरगा त्याआधीच तिथे जाऊन आला होता, हे आम्हाला मोलाचे वाटते.

पैसा कुठून? कासेगावच्या गेल ऑम्वेट आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यावरील ‘गेल अँड भारत’साठी त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडेच हात पसरला. जयंतीची वर्गणी आपल्या घरोघर ठाऊक आहे, सिनेमाची वर्गणी मात्र नवी. गेलताई २५ ऑगस्ट २०२१ रोजी गेल्या. अशी माणसे असतात तोवरच त्यांचे चित्रण व्हावे लागते, आणि वर्गणी नेमकी उशिरा जमते.